मूल वरचे दूध घेत नाही

तुमच्या सदरातले हे असले अनुभव मी आजवर वाचत आले ते खरं सांगायचं तर हसायला. कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाच्या मोटारीला पांढऱ्या कपड्यातला माणूस हात करतो... आणि ज्याला दिसतं तो नेमका कोणाचा तरी मावसभाऊ! माझे वडील शाळेत शास्त्र शिकवायचे आणि आम्हा भावंडांना अमावस्येला मुद्दाम स्मशानाच्या रस्त्याने फिरायला न्यायचे. अशा घरातली मी, त्यामुळे भुताखेतांच्या बाबतीत कोणाचं ऐकून घेतलेलं नाही. आता स्वतःच लिहायला बसले आहे, तर ज्यांना हसायचं त्यांनी हसावं. मीही भरपूर हसले आहे, तेव्हा फिट्टंफाट.

गोष्ट १९६१ सालची, पनवेलची. आमचे हे पाटबंधारे खात्यात, कायम फिरतीवर. आम्ही लाईन आळीत विहिरीसमोरच्या घरात दोन खोल्या घेऊन राहत होतो. मुलगा पाच महिन्यांचा, अंगावर पिणारा, आणि भलता हट्टी. गाईचं दूध बोंडल्याने द्यायला गेलं की ओठ गच्च मिटायचा, त्यातूनही दोन थेंब गेलेच तर थुंकून टाकायचा. शेजारच्या खोलीत चांगुणाबाई होत्या, मूळच्या गव्हाणच्या. त्यांची मासळी सकाळी लवकर विकून व्हायची, मग त्या दिवसभर घरी. मी बाहेर जायचे तेव्हा बाळ त्यांच्याकडे असायचा.

बाहेर म्हणजे वाचनालयात. वाचनालयाची स्मरणिका निघणार होती आणि गेल्या वीस-पंचवीस वर्षांतलं पनवेल जुन्या कात्रणांतून आणि जाहिरातींतून दाखवायचं, असं ठरलं होतं. निवडण्याचं काम मी हौसेने मागून घेतलं. कात्रणं इसाजी मास्तरांची. मास्तर बेने इस्रायल, म्हणजे आपल्याकडच्या ज्यू समाजातले, आयुष्य इथल्या शाळेत काढलेले. आदल्या वर्षी ते मुलाबरोबर इस्रायलला गेले आणि जाताना अकरा जाड वह्या वाचनालयाला देऊन गेले. पनवेलचं नाव छापून आलेलं काहीही त्यांनी सोडलेलं नव्हतं... साबण, चहा, केसांचं तेल, उरणच्या मोटारीच्या वेळा, तंबूतला सिनेमा. फक्त वरच्या कडेला खळ लावून चिकटवायचे, म्हणजे कात्रण उचलून मागचंही वाचता येई. आता सायकलचं दुकान आहे तिथे पूर्वी डोळ्यांचे डॉक्टर यायचे, 'दर गुरुवारी मुंबईहून येतील, गरिबांस सवलत'... असलं काही सापडलं की मला भारी आनंद व्हायचा.

या वह्या माडीवरच्या मागच्या खोलीत होत्या. एकच खिडकी, तिला गज, आणि समोर हातभर अंतरावर भाताच्या गिरणीची भिंत. मास्तर त्या खोलीत वर्षानुवर्षं रोज संध्याकाळी बसत, फक्त शनिवारी नाही. शनिवार ते कडक पाळायचे. शनिवारी वाचनालय अकराला बंद होई, तेव्हा गोविंदा शिपाई त्या खोलीला बाहेरून कडी घाली, खाली कुलूप लावी आणि थेट नेऱ्याला आपल्या गावी जाई, तो सोमवारी उगवे. कडी घालताना तो आत डोकावतसुद्धा नसे. शनिवारी तिथे कोणी नसतंच, हे त्याच्या हाताला पाठ झालं होतं. मास्तर परदेशी गेले तरी हाताची सवय गेली नव्हती.

मी एरवी शनिवारी जात नसे. पण छापखान्याला सोमवारी मजकूर हवा होता, म्हणून त्या दिवशी बाळाला साडेआठला पाजलं, चांगुणाबाईंकडे दिलं, अकराच्या आत येते म्हणून सांगितलं आणि निघाले. मी माडीवर गेले तेव्हा गोविंदा मागच्या बाजूला पाणी भरत होता. त्याने मला पाहिलं नाही आणि मीही हाक मारली नाही. वाचण्यात गढून गेले होते तेवढ्यात कडीचा आवाज आला. आधी वाटलं शेजारच्या दाराची असेल. मग खालचा मोठा दरवाजा ओढल्याचा आवाज आला आणि मी धावत जाऊन दार ओढलं. हललं नाही.

खूप ओरडले. दोन्ही हातांनी दार बडवलं. पण तेवढ्यात गिरणी धडाडायला लागली होती, माझा आवाज मलाच ऐकू येईना. खिडकीतून हात काढला तर बोटं भिंतीला लागली, वर आकाशाची एक पट्टी, खाली कचरा. गोविंदा सोमवारी येणार. मी वाचनालयात आहे हे चांगुणाबाईंना ठाऊक होतं, पण दाराला कुलूप पाहून कोणीही परत गेलं असतं. साडेअकरा झाले, बाळाच्या दुधाची वेळ झाली, आणि माझं पोलकं भिजायला लागलं. ते शरीराचं घड्याळ... आई झालेल्यांना सांगायला नको. मी त्या खोलीत एवढीशी होऊन रडले. लाज वाटत नाही सांगायला.

डोकं ठिकाणावर ठेवायचं म्हणून पुन्हा वही उघडली. नुसती पानं उलटत होते. आठव्या वहीत एक लहानसं कात्रण होतं:

'सौ. इंदू, वय २२, रंग गव्हाळ, बांधा सडपातळ, अंगावर हिरवे लुगडे, ही गेल्या मंगळवारी दुपारी घरातून गेली ती परत आली नाही. सौ. इंदू हिस, असशील तेथून निघून ये. कोणी एक शब्द बोलणार नाही. मूल वरचे दूध घेत नाही. लाईन आळी, विहिरीसमोर, पनवेल.'

उचलून मागे पाहिलं, तर रॉकेलच्या रेशनची अर्धी सूचना. म्हणजे लढाईच्या दिवसांतलं. आता कबूल करते, पहिला विचार माझ्या मनात आला तो असा, की पळाली असेल कोणाबरोबर. तान्हं पोर टाकून! मग पत्त्याची ओळ नीट वाचली. विहिरीसमोर एकच घर आहे. आमचं.

अंगावर काटा वगैरे आला नाही. जे आलं ते वेगळंच होतं. मी मनातल्या मनात माझीच जाहिरात लिहायला लागले. सौ. अमुक, वय २४, अंगावर पांढरे पातळ, शनिवारी सकाळी घरातून गेली. असशील तेथून निघून ये, कोणी काही बोलणार नाही... म्हणजे मी आपल्या पायांनी गेले, आता फक्त परत यायचं मनावर घ्यायचं, असंच सगळ्यांनी धरलं असतं. आणि मी इथे, चार गल्ल्यांवर, कडीच्या आत. तेव्हा पहिल्यांदा वाटलं की इंदूचंही असंच काही झालं असेल का. कोणी कुठे कडी लावली असेल, मुद्दाम किंवा न बघता. त्यानंतर मला ते कात्रण वाचवेना. मी दाराशी बसून राहिले आणि बाळ किती रडत असेल याचाच हिशेब करत राहिले.

अडीचच्या सुमाराला गिरणी थांबली. मी खुर्ची उचलून दारावर आदळली. गिरणीतल्या हमालाने ऐकलं, कोणाला तरी हाक मारली, दुसरी किल्ली असलेल्या चिटणीसांना बोलावून आणलं, यात आणखी अर्धा तास गेला. दार उघडल्यावर चिटणीस माफी मागायला लागले, मी त्यांच्या अंगावरून धावत सुटले. भर बाजारातून, भिजलेल्या पोलक्याने, अनवाणी.

घरात आवाज नव्हता. चांगुणाबाई उंबऱ्यावर सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या, बाळ पाळण्यात गाढ झोपलेला. मी उचलायला गेले तर त्यांनी हात धरला.

"नको उठवू बाय. मगाशीच तं पाजून गेलीस."

मी विचारलं, कोण पाजून गेलं?

"कोन म्हंजे? तूच. गिरनी चालू व्हती तवा. आलीस, पोराला उचाललास, आतल्या खोलीत भिंतीकं तोंड करून बसलीस. मी इचारलं येवढा उशीर का, तं बोलली पन नाय. पदर पार फुडं वढलेला. मी मनात म्हनलं, नवऱ्याचं पत्र आलं आसंल वंगाळ."

मग माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघत राहिल्या.

"हे पातल कवा नेसलीस? मगाशी हिरवं लुगडं व्हतं." आणि हळूच म्हणाल्या, "खांदं हालत व्हते तुजे. रडत व्हतीस ना?"

पाजणाऱ्या बाईकडे कोणी टक लावून बघत नाही, चांगुणाबाईंनीही बघितलं नव्हतं. मी बाळाला उचललं. हनुवटीवर दुधाचा ओघळ वाळलेला होता. छातीशी धरलं तर त्याने तोंड फिरवलं आणि पुन्हा झोपला. माझं अंग दुखत होतं, शेवटी दूध पिळून टाकावं लागलं. तो उठला तो पाचला, हसत.

पुढे मी आळीत चौकशी केली. जुन्या लोकांना इंदू आठवत होती. सगळे एकच बोलले, की निघून गेली हो, तरणी होती. मुलाला घेऊन नवरा गाव सोडून गेला, पुढचं माहीत नाही. तिला शोधायला कोण कुठे गेलं होतं, असं मी प्रत्येकाला विचारलं. जाहिरात दिली होती की, म्हणाले. मला त्यांचा राग आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा, कारण वहीतल्या त्या ओळी वाचून मीही तेच म्हटलं होतं. स्मरणिकेत ते कात्रण मी घेतलं नाही. साबण आणि चहा छापला, लोकांना आवडला.

स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. आमच्या ह्यांच्याकडे आहे: चांगुणाबाईंना बसल्या बसल्या डुलकी लागली आणि त्यांनी स्वप्न पाहिलं. असेलही. मी वाद घालत नाही. फक्त सकाळी साडेआठला प्यायलेलं, वरचं दूध थुंकणारं पाच महिन्यांचं पोर संध्याकाळी पाचपर्यंत उपाशी झोपलं कसं, आणि आई समोर आल्यावर त्याने भरल्या पोटाने तोंड का फिरवलं, एवढं त्यांनी मला समजावून सांगावं. सात वर्षं विचारते आहे. हे आपले वर्तमानपत्र उघडून बसतात.