जुन्या मशीनचं सोंग

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही सांगत होतात, की एका प्रकारच्या कॉम्प्युटरसाठी केलेला खेळ तुम्ही भलत्याच कॉम्प्युटरवर चालवलात. धाकटी म्हणाली, "आजी, त्या खेळाला कळतच नाही तो दुसऱ्याच्या घरात आहे ते." मी विचारलं, "मग तो चुकत नाही?" तुम्ही हसलात. माझ्या तोंडून तो प्रश्न का निघाला, ते नीट लिहून ठेवते.

तुमचे बाबा बालवाडीत होते, तेव्हा मी पिंपरीच्या एका पंपांच्या कारखान्यात नोकरीला होते. इंग्रजी शाळेत शिकलेली म्हणून मला टायपिंगसाठी घेतलं होतं. पण कॉम्प्युटरची जाडजूड इंग्रजी पुस्तकं वाचून मी इतरांना समजावू लागले, तेव्हा मला प्रोग्राम लिहायला बसवलं. या महिन्यात किती पंप करायचे ते सांगितलं, की त्यांना किती बोल्ट, किती वॉशर, किती झडपा लागतील, हे माझा प्रोग्राम सांगायचा. त्यावरून भोसरीच्या लहान वर्कशॉपांना कामं जायची. सगळी माहिती भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या कार्डांवर असे. खंडेनवमीला इतर खात्यांत लेथची आणि ड्रिलची पूजा होई, आमच्याकडे कॉम्प्युटरची आणि कार्डांच्या गठ्ठ्याची.

मग नवं मशीन आलं. त्याची भाषा वेगळी. सगळे प्रोग्राम पुन्हा लिहायचे तर कित्येक महिने गेले असते. मुंबईहून आलेला तरुण इंजिनिअर म्हणाला, "काही लिहायची गरज नाही, मॅडम. आमचं मशीन तुमच्या जुन्या मशीनसारखं वागेल. प्रोग्रामला फरक कळणारसुद्धा नाही."

मशीनवर गठ्ठे चढवणारा आमचा ऑपरेटर मोशीचा. तो माझ्याकडे वळून म्हणाला, "म्हंजी बहुरूपीच की, बाई. पर बहुरूप्यानं पोलिसाचा डगला घातला म्हणून त्याला चौकी सोपवायची व्हय?"

मी हसले, पण माझ्या मनातलंच तो बोलला होता.

आमच्या साहेबांनी मात्र ठरवून टाकलं. शुक्रवारी मॅनेजरसमोर दोन्ही मशीनवर तीच कार्डं घालायची. उत्तरं जुळली की जुनं मशीन ट्रकमध्ये. मला म्हणाले, "कार्डं तुमच्या ताब्यात. घोळ झाला, तर तुम्ही परत टायपिंगला. हे आत्ताच सांगून ठेवतो."

इंजिनिअर जरा जास्तच हसतमुख होता. मला वाटलं, हा जुन्याच मशीनचे छापील कागद पुढे करून नव्याचे म्हणून दाखवेल. म्हणून जुने कागद मी कपाटात कुलूपबंद केले आणि चावी पर्समध्ये ठेवली. सरावाला नवं मशीन चालवलं. सगळे आकडे जुळले. माझं समाधान व्हायच्या ऐवजी संशय वाढला. इतकी हुबेहूब नक्कल? दुसऱ्या दिवशीही जुळले. गुरुवारी सकाळी मात्र कागदावर वॉशर भरमसाट आले. बोल्टही जास्त, झडपाही जास्त.

इंजिनिअरचं हसू मावळलं. "कार्डांना कोणीतरी हात लावलाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "चावी तुमच्याकडेच असते ना?"

"कपाटाची, साहेब. गठ्ठा तर इथेच टेबलावर असतो."

"जुनं मशीन जाऊ नये असं इथे कोणाला वाटतं, ते मला ठाऊक आहे."

मी ऑपरेटरकडे पाहिलं. तो लगेच म्हणाला, "माझ्याकडं काय बघताय, बाई? आमी फकस्त गठ्ठा ठेवतो. आत काय हाय ते तुमाला ठावं."

त्या खोलीत त्या दिवशी प्रत्येकजण दुसऱ्याच्या हातांकडे बघत होता. डबा उघडायचीही मला इच्छा झाली नाही. मी कागद घेऊन बसले. आकडे वेडेवाकडे चुकले असते, तर मी सोंगालाच दोष दिला असता. पण ते अगदी शिस्तीत चुकले होते. मोडतोड होते म्हणून आम्ही शंभर भागांमागे पाच जादा मागवत असू. शंभराच्या जागी एकशे पाच यायचे, तिथे सगळीकडे एकशे पंचवीस आले होते. म्हणजे चूक एकाच ठिकाणी होती. ते "पाच" गठ्ठ्याच्या सगळ्यात वरच्या कार्डावर होतं, आणि ते कार्ड वर्षानुवर्षं बदललेलं नव्हतं.

मी ते ट्यूबलाइटसमोर धरलं. पाचाचं भोक जागच्या जागी. त्याच्या डावीकडच्या रकान्यात, दोनाच्या जागी, जिथे काहीच नको, तिथे पुठ्ठा तेलकट होऊन उजेड आरपार येत होता. कडेला लालसर कुंकू उरलं होतं. ते मी रोज पाहत होते, आणि पवित्र म्हणून त्याकडे कधी नीट पाहिलंच नव्हतं.

जुनं मशीन तारेच्या ब्रशने भोकं चाचपायचं, त्याला डागाशी देणंघेणं नव्हतं. नवं मशीन उजेडाने वाचायचं. कधी त्याला तो डाग पुठ्ठा वाटे, कधी भोक, आणि मग पाचाचे पंचवीस होत. त्याचं सोंग चोख होतं. डोळे तेवढे स्वतःचे होते.

कार्ड घेऊन मी साहेबांच्या टेबलाशी गेले. "साहेब, खंडेनवमीला निरांजनाची वात कोण सारखी करतं?"

"मी. का?"

"आणि त्याच तुपाच्या बोटाने गठ्ठ्याला कुंकू?"

त्यांनी कार्ड उजेडात धरलं. मग इंजिनिअर दारातून म्हणाला, "पुसून टाकू या का?"

"कुंकू पुसलं जाईल," मी म्हटलं, "तूप नाही."

"नवं कार्ड पंच करा," साहेब मला म्हणाले. माफी काही मागितली नाही. नवं कार्ड घालून मी दुपारभर तोच प्रोग्राम पुन्हा पुन्हा चालवून घेतला. इंजिनिअर कंटाळून जांभया देत होता. माझा विश्वास कुठे बसला होता?

शुक्रवारी सगळं जुळलं. जुनं मशीन ट्रकमधून गेलं आणि मी माझ्या टेबलावरच राहिले. नवं मशीन पुढे बरीच वर्षं त्याचं सोंग वठवत राहिलं. पहिलं कार्ड उजेडात धरून पाहायची माझी सवय मात्र गेली नाही.

पुढच्या खंडेनवमीला साहेब पूजेचं तबक घेऊन आले, कार्डांपाशी थबकले आणि तबक त्यांनी माझ्या हातात दिलं. "तुम्हीच लावा. कुठे चालतं ते तुम्हाला कळतं."

मी तबक टेबलावर ठेवलं, आधी जाऊन साबणाने हात धुतले, आणि कुंकू मशीनच्या लोखंडी दाराला लावलं.