फळीवरची आत्या

"वजन सांग. खरं सांग. फळीला थापा चालत नाय."

शेडमध्ये कुणीही नवा माणूस आला की आत्याचं हे पहिलं वाक्य. नाव-गाव नंतर. हातातला पॉलिश पेपर खाली ठेवून ती त्याला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळायची, मग मागे जाऊन त्याच्या डोक्यावर तळहात ठेवायची आणि तो हात तसाच आडवा नेत भिंतीला टेकवलेल्या सर्फबोर्डला लावायची. पाहुणा गडबडून जायचा. आम्ही मुकाट्यानं आपापलं काम करत राहायचो, कारण हसलो की आपला नंबर लागायचा.

वाशिंद आणि सर्फबोर्ड, हे ऐकून तुम्हीही हसला असाल. हसा. आमच्याकडे पाणी म्हणजे भाताची खाचरं, नदी आणि धरण. समुद्र इथून कुठल्या कुठे. पण आमची शेड फायबरची. पाण्याच्या टाक्या, बागेतली बाकं, मुलांच्या घसरगुंड्या, जे सांगाल ते बनवायचं. खाली कोकणात सर्फिंग शिकवणाऱ्या एका ताईनं मालकांना विचारलं, लाटेवर उभं राहायच्या फळ्या कराल का? मालकांना नाही म्हणता येत नाही, हा त्यांचा जुना आजार. आत फोम, वर फायबरचं कापड, त्यावर रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट रस, मग घासकाम आणि शेवटी रंग. रंग माझा, घासकाम आत्याचं.

आत्या मूळची मुरबाडपलीकडच्या वैशाखऱ्याची. पन्नाशीच्या आसपासची, अंगानं भरलेली, आवाज असा की घासायचं मशीन चालू असलं तरी तिचंच ऐकू यायचं. मुलाबरोबर वाशिंदला खोली घेऊन राहायची. शेडमध्ये सगळे तिला आत्या म्हणत. मालकही, आणि तिच्याहून मोठा असलेला वॉचमनही.

आम्हाला फळी म्हणजे ऑर्डर. आत्याला मात्र घासता घासता प्रश्न पडायचे. ही एवढी लांब का? हिचं नाक वर का उचललंय? हिच्यावर कोण उभं राहाणार? शेवटी तिनं मालकांच्या फोनवरून त्या ताईलाच गाठलं, आणि मग रोज गाठू लागली. डब्यातली भाकरी एका हातात, फोन दुसऱ्या हातात. महिन्याभरात गिऱ्हाइकांचे फोन आपसूक तिच्याकडे जायला लागले.

"अंगानं जड हायस ना? मग फळी जाड लागंल," ती फोनवर ओरडायची. "नवा हायस? मग लांब घे, रुंद घे, लवकर उभा राहाशील. हात बसला का मंग बारकी घे. आणि लाट कुठली तुमची? मऊ का उभी कोसळणारी? कोसळणारीला नाक वर पायजे, नायतर तोंडावर आपटशील."

कल्याणचा एक पोरगा आला होता. त्याला कुठल्याशा व्हिडिओत बघितलेली छोटी, टोकदार फळीच हवी होती. आत्यानं जमिनीवर गोणपाट अंथरलं. "झोप पालथा. आता एका उडीत उभा राहा." पोरगा आधी गुडघ्यावर आला, मग हातावर, मग कसाबसा उठला. आत्या टाळ्या वाजवत म्हणाली, "नऊ फुटी! नऊ फुटी तुला, राजा! गुडघं टेकलंस का फळी लांब." इतका आनंद तिला व्हायचा, की समोरच्याला रागवायचंही सुचत नसे. पोरगा नऊ फुटी घेऊन गेला.

हे शेडपुरतं असतं तर ठीक होतं. माझ्या चुलतभावाच्या लग्नात, मुरबाडला, आत्याला मीच बोलावलं होतं. नवरदेव हार घेऊन उभा. सगळे अक्षता टाकताहेत, आणि आत्या माझ्या कानात, म्हणजे तिच्या मते कानात, म्हणाली, "आठ फुटी. रुंद. पाय बघ कसं थरथरत्यात." चार रांगा पुढपर्यंत ऐकू गेलं. मी विषय बदलावा म्हणून विचारलं, "आणि नवरी?"

"ती? ती सहा फुटीवर पन उभी राहील. पाय कसं रोवलंय बघ पोरीनं." वहिनीला हे कळलं तेव्हा ती खूश झाली. भाऊ माझ्याशी अजून बोलत नाही.

आत्याचं स्वतःचं वजन मात्र कुणी विचारलं नव्हतं. एवढी छाती आमच्यापैकी कुणाची नव्हती.

एकदा डबे खाताना मी म्हटलं, "आत्या, तुला एवढं वेड कशाचं गं या फळीचं?" तिनं हातातला घास परत डब्यात ठेवला.

मग म्हणाली, "आमचं खाचर होतं ना, चिखलणी झाली का वर फळी फिरवायची, चिखल सारखा करायला. बैल पुढं आणि आपण फळीवर उभं. बाईमानसानं उभं राहायचं नाय म्हनं. पन माज्या बाला मुलगा नव्हता, मी उभी राहायची. पाणी नुसतं सुर्र करून मागं जायचं रे. लग्न झालं, तिकडं बी मीच. मंग शेत रस्त्यात गेलं, बैल विकलं, ती फळी चुलीत घातली. त्याला झाली लय वर्षं." तिनं डब्याचं झाकण लावलं. "एकदा पाण्यावर उभं राहायचंय मला. एकदाच. गुडघं जायच्या आधी."

तर हे होतं तिच्या मनात. मालकांनी ठरवलं, पुढची ऑर्डर घेऊन सगळ्यांनीच टेम्पोतून कोकणात जायचं. आत्याचा मुलगा म्हणाला, "आई, लोक व्हिडिओ काढतील." आत्या म्हणाली, "काढू दे. लांबून काढू नका म्हनावं, मी नीट दिसली पायजे."

समुद्र दिसला तशी ती टेम्पोच्या खिडकीतून निम्मी बाहेर आली. सर्फिंगच्या शाळेतल्या त्या ताईनं मिठी मारली, चहा विचारला. चहा कुणाला हवा होता! शाळेतल्या एका मुलीची लेगिंग आणि माझा जुना टी-शर्ट घालून आत्या पाण्याकडे निघालीसुद्धा. आणि काखेत कुठली फळी? पिवळी, सहा फुटी, अरुंद. ऑर्डरमधली सगळ्यात देखणी. जगाला लांब फळ्या देणारी आत्या स्वतःसाठी ती घेऊन चालली होती.

"आत्या, ही नको," ताई म्हणाली.

"अगो, मी जन्म काढलाय फळीवर."

पडली. उठली. परत पडली. दर वेळी तेच. लाट यायची, आत्या उठायची, टाचा रोवून मागे रेलायची, दोन्ही मुठी पुढे घट्ट धरायची आणि फळी तिच्या पायाखालून सुटून एकटीच किनाऱ्याला यायची. नाकातोंडात पाणी, केस तोंडावर. सुरुवातीला आम्ही हसत होतो. मग हसू थांबलं. ती बाहेर आली, वाळूवर बसली आणि गुडघा चोळायला लागली. मला इतकं वाईट वाटलं की मी समुद्रावरच चिडलो.

ताई तिच्यासमोर उकिडवी बसली. "आत्या, वजन किती तुमचं?"

मालक दुसरीकडे बघायला लागले.

आत्यानं पायाखालच्या वाळूकडे पाहिलं. "शहाऐंशी," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "आणि मी नवी हाय."

ताईनं शाळेतली शिकाऊ फळी आणली. नऊ फुटी, जाडजूड, रंग उडालेली. आत्या पुन्हा पाण्यात गेली. लाट आली, ती उठली. या वेळी फळी डगमगली नाही. पण आत्या परत मागे रेलायला लागली, मुठी पुढे, आणि त्या मुठींकडे बघता बघता माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आमच्या घरी पण खाचर आहे हो. चिखलात ओढ पुढून असते, म्हणून मागे रेलायचं, दोरी ताणून धरायची. इथे लाट मागून ढकलते. मी कमरेइतक्या पाण्यात पळत गेलो आणि घसा फाडून ओरडलो,

"आत्या! बैल मागं हायत! बैल मागं हायत!"

ताईला काही कळलं नाही. आत्याला कळलं. तिच्या मुठी सुटल्या, गुडघे वाकले, अंग पुढे झालं. आणि ती आली, हो, उभी आली! थेट किनाऱ्यापर्यंत, फेसातून, "चल रं माझ्या राजा, चल, चल!" असं लाटेला ओरडत. मालक नाचत होते. मी रडत होतो, आणि त्याची मला मुळीच लाज वाटत नाही. वाळूवर उतरली तरी ती तशीच उभी होती.

"लागलं का गं?" मी विचारलं.

"नाय रे," ती म्हणाली. "पायाखाली अजून सुर्र होतंय."

आमच्याकडे दिवाळीनंतर वाड्यावस्त्यांवरची माणसं वीटभट्टीवर जातात आणि पावसाच्या तोंडाला परत येतात. आत्या आता दिवाळीनंतर समुद्रावर जाते. शाळेच्या फुटलेल्या फळ्या दुरुस्त करते, येणाऱ्या-जाणाऱ्याला माप देते. घासकाम सध्या माझ्याकडे आहे, आणि ते तिच्यासारखं होत नाही.

परवा तिनं व्हिडिओ कॉल केला. शहापुरातल्या सोनाराच्या सुनेला कुठली फळी द्यावी, यावर आमचं बोलणं चाललं होतं. मध्येच तिनं मान वळवली. "थांब हां, चांगली लाट येतेय," म्हणाली आणि फोन वाळूवर टाकून पळाली.

स्क्रीनवर नुसतं आभाळ. एक घार फिरत होती. लांबून आत्याचा आवाज येत होता. मशीन बंद करून मी ते आभाळ बघत बसलो.