नशिबाचे ठिपके

वसुधा नेरूरकरचं मुलुंडच्या आकडेवारीचे अहवाल करून देणाऱ्या ऑफिसात कुणाशी पटत नव्हतं, आणि तिला त्याचं काडीचंही वाईट वाटत नव्हतं. संख्याशास्त्राची बाई. चुकीचा आकडा दिसला की फणकारलीच. मालक अनिरुद्ध तिचा कॉलेजातला सोबती, म्हणून अरेतुरे. पण माया नावाला नाही. पगार तो तिच्या डोक्याचा द्यायचा, आणि तिचं बोलणं दातओठ खात ऐकून घ्यायचा.

शेवटचं वाजलं ते कांजूरमार्गच्या एका डांबराच्या प्लान्टवरून. कुंपणाला लागून वस्ती, वस्तीत घरोघरी दमेकरी. परवाना रद्द करा म्हणून लोकांनी अर्ज केला, सुनावणी लागली. प्लान्टवाल्यांनी अनिरुद्धला गाठलं: हा निव्वळ योगायोग आहे, असं आकड्यांनी दाखवून द्या. आता वसुधाचा सख्खा भाऊ निलेश त्याच वस्तीत, स्वतः दम्याने बेजार. तिने पहिल्याच दिवशी हे सांगितलं, काम दुसऱ्या कुणाला दे म्हणाली. अनिरुद्ध म्हणाला, ऑफिसात हे जमणारं दुसरं आहे कोण? आणि ते खरंच होतं.

काम असं. कॉम्प्युटरला नकाशा द्यायचा आणि दमेकरी आहेत साधारण तेवढे ठिपके त्यावर नशिबाने पडू द्यायचे. पण सगळीकडे सारखे नाहीत. घरं दाटीवाटीची तिथे माणसं जास्त, म्हणून ठिपकेही जास्त. मोकळ्या मैदानात जवळजवळ नाहीतच. त्यासाठी आधी सगळीकडे सरसकट ठिपके टाकायचे, मग वस्ती जितकी विरळ तितके जास्त गाळायचे. हे हजारदा करायचं आणि बघायचं, नुसत्या नशिबाने कुंपणापाशी एवढी गर्दी कितीदा होते. वसुधाने केलं. एकदाही झाली नाही. अनिरुद्धने अहवाल चाळला आणि गोड आवाजात म्हणाला, ठेव इथे.

सुनावणीच्या सकाळी छापील प्रत हातात पडली तेव्हा निकाल उलटा झालेला. कुंपणापाशीची गर्दी म्हणे दर दुसऱ्या खेपेला होते, योगायोगच! खाली नाव वसुधाचं. चलाखी कळायला तिला फार वेळ लागला नाही. मेल्याने लोकवस्तीच्या जागी दमेकऱ्यांचाच नकाशा घातला होता. आजारी जास्त तिथे ठिपके जास्त पाड, असं आधी कॉम्प्युटरला सांगायचं, आणि वर म्हणायचं, बघा, आपोआप तिथेच पडतात. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

सुनावणी सुरू होताच ती उठली आणि निकाल देणाऱ्या अधिकाऱ्यांना सगळं सांगून मोकळी झाली. हे माझं काम नव्हे, माझ्या नावावर खपवलेली लबाडी आहे म्हणाली. साहेबांनी दोनदा समजावून घेतलं, मान डोलावली. मागे बसलेल्या वस्तीवाल्यांच्या जिवात जीव आला.

तेवढ्यात अनिरुद्ध उभा राहिला. "साहेब, मॅडमचं त्या वस्तीत कोण राहतं, तेही विचारा ना."

आपल्याच गळ्यात हे काम का घातलं, ते वसुधाला आत्ता उमगलं: तिने तोंड उघडलंच, तर बहिणीचा शब्द म्हणून तो उडवून लावता यावा. लग्नानंतर तिचं आडनाव बदललेलं, कागदावर नातं कुठेच नव्हतं. तिसऱ्या रांगेतून निलेश डोळे वटारून नको, नको अशी मान हलवत होता.

"सख्खा भाऊ," वसुधा म्हणाली. "तो काय तिथे बसलाय. नकाशावरच्या आजाऱ्यांतला एक."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. अहवाल बाद, तिचं म्हणणंही बाद. पाहणी नव्याने, तिसऱ्याच कुणाकडून. तोवर प्लान्ट चालू राहील. अनिरुद्धने तिला तिथेच उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगितलं, आणि तुझ्या दारात थुंकायलाही येणार नाही, असं ती त्याला सगळ्यांसमोर म्हणाली. नोकरीचं तिला दुःख नव्हतंच.

बाहेर व्हरांड्यात निलेशने तिला अडवलं. मागे वस्तीतली माणसं उभी. एकाच्याही नजरेत ओळख नव्हती.

"वाट लावलीस ताई," तो म्हणाला. "एक खोटं बोलायला काय जात होतं गं तुझं?"

"तू माझा कुणी नाहीस म्हणू? तेही तुझ्यासमोर?"

"म्हणायचं होतंस. मी काय मेलो असतो?"

पुढे त्याला बरंच बोलायचं होतं, पण दम पुरेना. खिशातला पंप त्याने तोंडाला लावला. वसुधा पाठीवर हात फिरवायला पुढे झाली, तेव्हा त्याने तो हात झटकून टाकला.