मामांना सापडणारा चोर

लाखनीच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत आत जाताना चपला कशाही भिरकावल्या, तरी उपासना संपवून बाहेर यावं तर त्या जोडीजोडीनं रस्त्याकडे तोंड करून उभ्या असत. नुसता पाय सरकवायचा आणि निघायचं. हे काम दारावरच्या मामांचं. खेड्यावरून सायकलनं येणारा हा धान पिकवणारा माणूस उपासनाभर दारातच बसे. त्यांचं खरं नाव निम्म्या मंडळीला ठाऊक नव्हतं.

देवानं काय केलं याची साक्ष द्यायची वेळ आली की कुणी आजारातून उठल्याचं सांगे, कुणी मुलाला नोकरी लागल्याचं. मामा उभे राहत आणि म्हणत, "याही हप्त्यात सापडला." चोर सापडावा तसं. चोर म्हणजे त्यांचा स्वतःचा गर्व. "शेजाऱ्याची धानाची रोवणी माह्या आधी झाली. मी म्हटलं, घाईनं उरकवली असंल. पण आतून मलेच बोचून राहिलं होतं. सापडला." मंडळी हसे, मामाही हसत खाली बसत. इतक्या आनंदानं स्वतःची चोरी पकडणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

मी नागपुरात बायबलचा अभ्यासक्रम करून आलो आणि पहिलाच उपदेश नम्रतेवर दिला. चांगला पाऊण तास. दोन बायकांनी डोळे पुसले, हे मी व्यासपीठावरूनच टिपलं होतं. दारात मामा म्हणाले, "बेस बोलला गा. आता घरी जाईस्तोवर किती जनाले इचारशील, कसं झालं म्हणून?" माझं तोवर तिघांना विचारून झालं होतं. आठवडाभर मी मामांवर चिडलेलो होतो, आणि त्यांचंच खरं होतं.

गुड फ्रायडेच्या आदल्या संध्याकाळी आमच्याकडे पाय धुण्याचा विधी असतो. प्रभू येशूनं शिष्यांचे पाय धुतले, त्याची आठवण. त्या वर्षी पाळकसाहेबांनी परात माझ्या हाती दिली. मला मनापासून मामांचेच पाय धुवायचे होते. माझा चोर त्यांनीच तर मला दाखवला होता. मी समोर बसताच मामांनी पाय खुर्चीखाली ओढून घेतले.

"माहे नाही. बाकीच्याइचे धू."

"काहून मामा?"

"मी चपला लावनारा मानूस. मी कोनाकडून पाय धुवून घेऊ?" आणि ते उठून बाहेर गेले.

सगळ्या मंडळीदेखत त्यांनी मला नाकारलं, असंच मला वाटलं आणि फार लागलं. उघड्या दारातून मामा दिसत होते. सरळच असलेल्या चपला पुन्हा सरळ करत होते. मग त्यांचा हात थांबला. थोड्या वेळानं ते आत आले, खुर्चीवर बसले आणि भेगाळलेल्या टाचा त्यांनी स्वतःच परातीत ठेवल्या.

"सापडला," ते म्हणाले. "मले वाटे, मी साऱ्याइच्या खाली हावो. खालच्या जागेवरबी कब्जा करून बसलो होतो. प्रभूच्या शिष्यानं, पेत्रानंबी पाय धुवाले नाहीच म्हटलं होतं, पण त्याले माह्याइतका टाइम नाही लागला." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "धू आता. गुदगुल्या नको करू."

मंडळी हसत होती, मी पाय धुता धुता रडत होतो.

गेल्या हिवाळ्यात, मळणी आटोपल्यावर मामा गेले. अंत्यविधीच्या उपासनेला एवढी माणसं आली की दारात चपलांचा ढीग झाला. आत गाणं चालू असताना मी हळूच बाहेर आलो आणि एकेक जोडी रस्त्याकडे वळवून ठेवू लागलो. शेवटची जोडी हातात असताना मनात आलं, कुणी पाहतसुद्धा नाही, तरी मी करतोय. आणि ते वाटणं फार गोड लागलं.

मला एकदम हसू फुटलं. आतली माणसं वळून बघायला लागली. मामा नव्हते, म्हणून मग मीच म्हणालो, "सापडला."