जहाजावरची पस्तीस पत्रकं

त्या वर्षी कपाशीच्या बियाण्याचा खप चांगला झाला आणि अंबडच्या आमच्या दुकानाला कंपनीकडून जहाजाची टूर लागली. मुंबईहून निघायचं, गोव्याकडं जायचं, तिसऱ्या दिवशी परत. दोन माणसांची सोय होती. वहिनीला सातवा महिना लागलेला, डॉक्टर नको म्हणाले. दादा जेवता जेवता माझ्याकडं न बघताच म्हणाला, की मग तूच चल, नाहीतर एक जागा वाया जाईल.

मी लगेच हो म्हणाले, याचंच त्याला नवल वाटलं. अशा टूरवरून मी दोन वर्षं घरात तोंड वाजवत होते. बियाणं विकत घेतो शेतकरी आणि समुद्रावर हवा खायला जातो दुकानदार, हे मी त्याला कितीदा तरी ऐकवलं होतं. आता तीच मी बॅग भरायला लागले. बॅगेत खाली, कपड्यांच्या घडीत, मी लिहून जालन्यात छापून घेतलेली पस्तीस पत्रकं होती. ते दादाला माहीत नव्हतं.

पत्रक लिंकिंगवर होतं. दुकानदारीतला हा शब्द आमच्याकडं शेतातल्या माणसालाही पाठ आहे. ज्या वाणाला मागणी असते त्याचं पाकीट नुसतं मिळत नाही, सोबत कंपनीची न खपणारी, पिकावर मारायच्या टॉनिकची बाटली घ्यावी लागते. बाटली नको असेल तर पाकीट संपलं. ‘संपलं’ हा शब्द मी आमच्याच काउंटरवर, पाकिटांची खोकी पाठीमागं रचलेली असताना, दादाच्या तोंडून ऐकला होता. समोर उभ्या म्हाताऱ्या माणसाला ती खोकी दिसत होती. तरी तो बाटली घेऊन गेला. तेव्हापासून माझ्या डोक्यात ते पत्रक शिजत होतं.

पत्रक हा आमच्या घरचा जुना धंदा. आमचे वडील, आबा, जालन्याच्या एमआयडीसीत सळया ओढणाऱ्या मिलमध्ये कामाला होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. शिल्लक राहिलेल्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली आणि कंटाळा आला की कागद उलटून पुढची बाजू वाचली. अशाच एका पत्रकापायी आबांचं काम गेलं. तेव्हा दादा कॉलेजात होता, ते सोडून तो एका कृषी सेवा केंद्रात नोकरीला लागला आणि पुढं त्यानं स्वतःचं दुकान काढलं. घर त्यानं चालवलं, माझं शिक्षणही त्यानंच केलं. दुकानाचा कणा म्हणजे याच कंपनीची एजन्सी. हे पत्रक आमच्या घरातून निघालंय असं कंपनीला कळलं, तर एजन्सी दुसऱ्या दिवशी समोरच्या दुकानात जाणार, हे मला बराबर माहीत होतं. म्हणून पत्रकावर मी नाव घातलं नाही.

जहाजावर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मोठा कार्यक्रम होता. जेवण, ऑर्केस्ट्रा, जादूगार आणि दुकानदारांचा सत्कार. आमची खोली आतल्या बाजूची, खिडकी नसलेली. दादानं नवा कोट घातला आणि कॉलर नीट बसलीय का ते मला बघायला लावलं. मी बघितली. त्याला वहिनीला फोटो पाठवायचा होता, पण समुद्रात फोनला रेंज नव्हती. तरी त्यानं तीनदा पाठवून बघितला. अंबडचा, दुकानाच्या नावाचा बिल्ला गळ्यात घालून तो बाकीच्या दुकानदारांकडं गेला, आणि मी ओढणीखाली पत्रकं धरून जेवणाच्या हॉलकडं निघाले.

हॉल रिकामा होता. काचांच्या पलीकडं पाणी तांबूस होऊन चाललं होतं. टेबलांवर पांढऱ्या चादरी, चमचे, पंख्यासारखे घडी केलेले रुमाल. एकेका ताटाखाली एकेक पत्रक सारत मी टेबलामागून टेबल करत गेले. आबा असते तर त्यांनी मला तिथंच थांबवलं असतं. पत्रक कुठं ठेवायचं नसतं, सोडून जायचं तर मुळीच नसतं, ते माणसाच्या हातात द्यायचं आणि तो वर बघेपर्यंत समोरून हलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. मला तो पाठ होता. मी शेवटचं पत्रक सारलं आणि जल्दी जल्दी बाहेर पडले.

अर्ध्या तासानं हॉल भरला. मला बायकांच्या टेबलावर बसवलं होतं. मी बसल्याबरोबर ताट उचलून बघितलं. खाली नुसती चादर. शेजारच्या ताटाखालीही काही नव्हतं. कुणी वाचतंय का म्हणून मी सगळ्या हॉलभर नजर फिरवली, तर लोक सूप पीत होते.

शेजारी हसनाबादकडची एक बाई होती. तिनं पिशवीतून दशम्या आणि ठेचा काढून पनीरच्या भाजीशेजारी मांडला आणि मलाही दिला. मी कुणाची मिसेस, असं तिनं विचारलं. बहीण आहे म्हणून सांगितलं तर ती बाकीच्या बायकांकडं वळून म्हणाली, “बघा, ह्यांना भाऊ घेऊन आला. आमच्या मालकानं मला फिरवायला न्हाई, सत्काराचा फेटा सांभाळायला आणलंय.” सगळ्या हसल्या. मग बोलणं बाळंतपणं, सुना, जहाजावरचा चहासारखा न लागणारा चहा असं फिरत राहिलं, आणि त्यात मला शिरायला जागा सापडेना. मी त्यांच्याविरुद्ध कागद छापून आणला होता आणि त्यांची दशमी खात होते.

तेवढ्यात मला दादा दिसला. दोन टेबलं सोडून, इतर सात दुकानदारांबरोबर. जेवण वाढणारा एक गोव्याकडचा माणूस त्याच्याजवळ वाकला, कागदांचा गठ्ठा त्याच्या हातात दिला, गळ्यातल्या बिल्ल्याकडं बोट केलं आणि निघून गेला. मला एका क्षणात कळलं. टेबलांवरून शेवटचा हात फिरवताना त्यानं पत्रकं गोळा केली असणार. नाव नव्हतं, पण पत्रकाच्या तळाला गाव लिहायची आमच्या घरची रीत, त्या सवयीनं मी ‘अंबड, जि. जालना’ असं लिहून ठेवलं होतं. बिल्ल्यावर अंबड, कागदावर अंबड. ज्याचं त्याला पोचवून तो मोकळा झाला.

दादा वाचत होता. त्यात काउंटर होतं, खोकी होती, म्हातारा होता, ‘संपलं’ होतं. स्टेजवर जादूगारानं एका दुकानदाराच्या कानातून रुमाल काढला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. दादा पहिल्या ओळीपासून परत वाचायला लागला. मग त्यानं गठ्ठा कोटाच्या आत, डाव्या काखेशी दाबला. त्याचं ताट तसंच होतं.

सत्कार सुरू झाला. दादाचं नाव पुकारलं. तो स्टेजवर गेला, फेटा बांधून घेतला, पण सन्मानचिन्ह घ्यायला त्याला डावा हात उचलता येईना. एका हातानं ते घेताना ते कलंडलं. खालून कुणीतरी म्हणालं, की बियाण्याच्या गोण्या उचलून खांदा गेला वाटतं. पुन्हा हशा. दादाही हसला. मला ते बघवेना.

खाली उतरून तो सरळ माझ्याकडं आला आणि मला दाराशी घेऊन गेला. फेट्याखाली त्याचं तोंड बारीक दिसत होतं. तो ओरडेल असं मला वाटलं होतं.

“आबा असं ताटाखाली सारायचे का?” त्यानं विचारलं.

मी नाही म्हणाले.

“मंग?”

“तू होतास ना इथं.”

“म्हंजे माझ्यासाठी लपवलं? का तूच भ्याली?”

त्यानं कोटातून गठ्ठा काढून माझ्या हातात ठेवला. मी काय करावं ते त्यानं सांगितलं नाही. सगळं माझ्यावर टाकून तो जागेवर जाऊन बसला. मला राग आला, त्याचा आणि माझाही. त्या रागातच मी पहिल्या टेबलाशी गेले.

हातात दिलं की माणसं घेतात, हे खरं. एकानं चष्मा नाही म्हणून घडी घालून खिशात ठेवलं. एकाला तो ऑर्केस्ट्राच्या गाण्यांचा कागद वाटला. एकजण दोन ओळी वाचून माझ्याकडं वर बघायला लागला आणि मी समोरून हलले नाही, तेव्हा त्यानंच मान खाली घातली. हसनाबादच्या बाईनं शेजारणीकडून वाचून घेतलं आणि मला हळूच म्हणाली, की लिवलंय खरं, पण आमच्या दुकानाचं नाव तर न्हाई ना यात? मी नाही म्हणाले. ती निवांत झाली.

पत्रक कंपनीच्या साहेबांपर्यंत पोचलं. त्यांनी ते उभ्या उभ्या वाचलं. ऑर्केस्ट्रावाल्यांना हातानं थांबवलं आणि अगदी गोड आवाजात विचारलं, की हे कुणाकडून आलं? मी तोंड उघडलं. कुणी विचारलंच तर म्हणून दुपारपासून जुळवून ठेवलेलं वाक्य माझ्याजवळ होतं. त्याच्या आधी दादा उठला.

“आमच्या घरातलं हाये साहेब. बहीण हाये माझी. मीच म्हणालो, वाटून टाक.”

साहेब हसले. दादाच्या खांद्यावर थोपटलं, चांगली मजाक करता म्हणाले, आणि गाणं सुरू करायला सांगितलं. पण त्यांनी पत्रक टाकलं नाही, चौकोनी घडी घालून खिशातल्या पाकिटात ठेवलं.

नंतरचं मला जास्त आठवतं. नाच सुरू झाला तसे दादाच्या टेबलावरचे लोक एकेक करून उठले. एकाला फोटो काढायचा होता, एकाला पाणी हवं होतं. परत कुणी आलं नाही. आठ खुर्च्यांत दादा एकटा, डोक्याला गुलाबी फेटा. मी जाऊन त्याच्या शेजारी बसले. आठ माणसांच्या गोडाच्या वाट्या आल्या, आणि वाढणाऱ्यानं रिकाम्या खुर्च्यांपुढंही एकेक मांडली.

मला त्याला काहीतरी मोठं म्हणायचं होतं. म्हणजे आता तू आबांच्या आणि माझ्या बाजूला आलास, असं काहीतरी. मी विचारलं, “तुला पटलं ना?”

“न्हाई,” तो म्हणाला. “दुकानात बसून बघ मंग कळंल तुला. बाटली न्हाई उचलली तर कंपनीवाले मला पाकीट देत न्हाईत. कोणाला सांगू?”

“मग उठलास कशाला?”

तो चमच्यानं वाटीतलं ढवळायला लागला. “आबा मिलच्या गेटवर पत्रकं घेऊन एकटे उभे व्हते. कोणी हात पुढं करीना. मी सायकलवर आल्तो तिथपर्यंत. लांबून बघितलं आन माघारी गेल्तो. त्यांनी मला बघितलं का न्हाई, कधी कळलं न्हाई.”

मला हे माहीत नव्हतं. आम्ही एका घरात वाढलो आणि ज्यापायी आबांचं काम गेलं ते पत्रक मी वाचलेलं होतं, पण गेटवरचं मला कुणी सांगितलं नव्हतं. मी त्याच्या हातावर हात ठेवावा असं वाटलं. आमच्यात तशी सवय नाही. आम्ही एकेक वाटी संपवली आणि बाकीच्या सहा तशाच राहिल्या. स्टेजवरचं गाणं आमच्या दोघांशिवाय सगळ्यांना येत होतं.

पुढच्या हंगामाआधी एजन्सी समोरच्या दुकानात गेली. वहिनी काही दिवस माझ्याशी बोलली नाही, मग बोलायला लागली. दादानं मला एका शब्दानं दुखवलं नाही. त्यापेक्षा भांडला असता तर बरं, असं मला कितीदा वाटतं. भांडणात निदान दोन माणसं असतात.

मी अधूनमधून दुपारी काउंटरवर बसते. परवा एकजण त्या कंपनीच्या वाणाचं पाकीट मागायला आला. आमच्याकडं नसतं आता, समोर मिळेल, असं दादानं सांगितलं. माणूस रस्ता ओलांडून गेला. थोड्या वेळानं तो बाहेर आला तेव्हा त्याच्या पिशवीतून टॉनिकच्या बाटलीचं निळं झाकण दिसत होतं. दादानंही ते बघितलं, मीही बघितलं. मग दादा आतल्या खोलीत माल लावायला गेला, आणि मी तिथंच बसून राहिले.