पाहुण्यांपुढचं गाणं

आमच्या घरी पाहुणा चहा पिऊन तसाच उठला असं कधी झालं नाही. कप खाली ठेवायच्या आत मी धाकट्या भावाला हाक मारायची, "बाळा, ये रे, ह्यांना एक गाणं म्हणून दाखव." तो चौथीत होता तेव्हापासूनची ही माझी खोड. पुढं तो ऑर्केस्ट्राचा मोठा गायक झाला. बिलोलीपासून लातूरपर्यंत लग्नांत लोक त्याच्यासोबत फोटो काढायला झोंबायचे, तरी माझी हाक थांबली नाही. स्टेजवर तीन तास गायलेला माणूस नांदेडला घरी येऊन पुन्हा चहाच्या कपांपुढं गायचा. मला मिरवायला लागायचं, दुसरं काय.

मागच्या वर्षी लातूरच्या एका लग्नात 'वन्स मोअर'च्या गदारोळात त्यानं एकच गाणं चारदा म्हटलं. पाचव्यांदा तोंड उघडलं, तर नुसती हवा. घशात गाठी झाल्यात म्हणून डॉक्टरांनी सांगितलं. महिनाभर एक शब्द बोलायचा नाही, कुजबुजायचंसुद्धा नाही. पुन्हा गाता येईल का, ते त्यानंतरच कळणार होतं.

तो घरात असा मुका बसलेला मला बघवेना. म्हटलं, सिनेमाला नेऊ, तिथं तसंही गप्पच बसायचं असतं. पोस्टरवर गिटारवाला दिसला, की काढली दुपारच्या शोची तिकिटं. गोष्ट काय हाय, ते कोण विचारतंय? अन् निघाली एका रॉकस्टारची. गर्दी त्याला सोडेना, घरचे सोडेनात. झोप उडालेली, तरी सगळे त्याला स्टेजवर ढकलून राहिलेत. माझ्या अकलेचं दिवाळं, दुसरं काही नाही.

पडद्यावरचा तो माईकपुढं उभा राहिला अन् त्याला आवाजच फुटेना. खाली माणसं ओरडत होती. मी भावाकडं पाहिलं. तो मान खाली घालून मोबाइलवर काहीतरी लिहीत होता. मग मोबाइल त्यानं माझ्याकडं सरकवला.

"ताई, मी पुन्हा कधी गायलो न्हाई, तर चालंल का तुला?"

गर्दीचं सोडा, ह्यानं मला विचारावं? लई लाज वाटली स्वतःची. 'हाव, चालंल' एवढंच लिहायचं होतं, पण बोटं अडली. खरं सांगते, त्याच्या गाण्यावर माझा फार जीव होता. तेवढ्यात त्यानं मोबाइल परत घेऊन खिशात टाकला.

घरी आलो तर हदगावची मावशी येऊन बसलेली. तिला कुणी काही सांगितलंच नव्हतं. चहा झाला, कप खाली ठेवला अन् ती भावाकडं वळली.

"म्हण की रे बाळा एखादं."

भाऊ माझ्याकडं बघू लागला.

"आज त्याचं न्हाई मावशी," मी म्हटलं. "आज मी म्हणते."

"तू?"

मावशीचं बरोबरच होतं. शाळेत प्रार्थनेला बाई मला नुसते ओठ हलव म्हणायच्या. तरी मी आईची अंगाई धरली. पहिल्याच कडव्यात तीनदा सूर सुटला, पण डोळे मिटून शेवटापर्यंत गेले. मावशी बिचारी भिंतीकडं बघून राहिली होती. भावाला हसायचीही बंदी, म्हणून त्यानं तोंडावर उशी दाबलेली, अन् खांदे गदागदा हलत होते.

मग त्यानं मोबाइल काढला, लिहिलं अन् माझ्यापुढं धरला. "वन्स मोअर."

"चालंल रे बाळा," मी म्हटलं, अन् पहिल्यापासून सुरू केलं.