न उघडलेलं इंजिन

आमच्याकडे दोनच माणसं बसतील अशी, उघड्या टपाची एक जर्मन गाडी होती. मुंबईतला एक परदेशी इंजिनिअर देश सोडताना ती माझ्या वडिलांना विकून गेला, आणि बाबांनी ती अमडापूरला आणून ट्रॅक्टरशेजारी उभी केली. तिच्या इंजिनात पिस्टन नव्हता. आत एक त्रिकोणी लोखंडी ठोकळा गोल फिरायचा. त्याच्या तिन्ही टोकांना बारीक पट्ट्या होत्या. त्या खराब झाल्या की गाडी संपली, कारण तसल्या पट्ट्या आपल्याकडे कुठेच मिळत नव्हत्या.

गाडीबरोबर आलेलं इंग्रजी पुस्तक घरात मी एकटीनंच वाचलं होतं. मी नागपूरला कॉन्व्हेंटच्या वसतिगृहात शिकत होते. सुट्टीत घरी आले की माझं मराठी ऐकून चुलत भावंडं हसायची. त्यामुळे मी बोलण्यापेक्षा वाचत बसायची. पुस्तकात एका पानावर जाड अक्षरांत लिहिलं होतं की, थंड इंजिन सुरू केलं तर ते नीट तापल्याशिवाय बंद करू नये.

त्या दसऱ्याला गाडीची पूजा झाली. हार, हळदकुंकू, चाकांखाली लिंबं. बाबांनी गाडी सुरू केली, लिंबं चिरडून एका बाजेच्या लांबीइतकी पुढे घेतली आणि लगेच बंद केली. त्यांनी किल्ली फिरवली तेव्हाच मला ते पान आठवलं. पण अंगणात घरचे, सालदार, शेजारी, सगळे उभे होते. मी गप्प राहिले.

दुसऱ्या दिवशी गाडी सुरू होईना. त्याच्या दुसऱ्या दिवशीही नाही.

चिखलीहून मिस्त्री आले. ट्रक आणि विहिरीवरची इंजिनं दुरुस्त करण्यात त्यांचा हात धरणारा आसपास कुणी नव्हता. जास्त पेट्रोल जाऊन गाडी ओव्हर झाली असेल म्हणून त्यांनी प्लग काढून पुसला, वाळवला, परत बसवला. काही उपयोग झाला नाही. मग प्लगच्या भोकावर अंगठा दाबून त्यांनी बाबांना स्टार्टर मारायला सांगितला. आतल्या हवेच्या जोरानं अंगठा उडायला हवा होता. तो तसाच राहिला. गाडी तेल किती पिते, असं त्यांनी विचारलं. दर खेपेला घालावं लागतं, बाबा म्हणाले. मिस्त्रींनी मान हलवली. ट्रक तेल पिऊ लागला की इंजिन झिजलेलं असतं, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

"खोलाच लागते मालक," ते म्हणाले. "पण खोटं नाही सांगत तुमाले. खोललं तर परत जोडता येईन का नाही, मले माहीत नाही."

बाबांनी बोनेटवर हात ठेवला. मग म्हणाले, "खोला. नाहीतरी उभीच राहणार आहे."

मिस्त्रींनी पोतं अंथरून पाने मांडायला घेतले. मी पुस्तक छातीशी धरून दारात उभी होते. पहिला बोल्ट सैल करायला ते वाकले आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "ती तेल पिते ते बरोबर आहे. तिला तसंच बनवलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मिस्त्री वाकलेलेच होते.

"काऊन? पुस्तकात लिवलं काय?"

"हो."

"मंग वाच न माय, लाजून कोनाचं भलं झालं?"

मी वाचत गेले आणि अडखळत मराठीत सांगत गेले. थंड असताना लगेच बंद केली तर आत पेट्रोल साचतं. ते पट्ट्यांवरचं तेल धुऊन टाकतं, आणि मग दाब धरत नाही. माझं पान संपायच्या आधीच मिस्त्री उठून उभे राहिले होते.

"म्हंजे झिजलं नाही. धुतल्या गेलं."

प्लग बाहेर ठेवून त्यांनी स्टार्टर मारायला लावला. भोकातून पेट्रोलचे फवारे उडाले. फवारे थांबल्यावर त्यांनी चमचाभर तेल आत सोडलं. किती, हे मी पुस्तकात पाहून सांगितलं. मग परत अंगठा दाबला. या वेळी तो उडाला. मिस्त्री अंगठ्याकडे बघून हसले.

प्लग परत बसवून गाडी सुरू झाली तेव्हा इतका धूर निघाला की गोठ्यातली वासरं उधळली. आनंदाच्या भरात बाबांचा हात किल्लीकडे गेला.

"बाबा, बंद नका करू," मी ओरडले. अंगणात एवढ्या मोठ्यानं मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

बाबांनी गाडी तशीच फाटकाबाहेर काढली. इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध येईपर्यंत आम्ही चिखलीच्या रस्त्यानं गेलो आणि परतलो. दसऱ्याला ते पान मला आठवलं होतं, हे मी त्यांना वाटेत सांगितलं. ते रागावले नाहीत. पुढच्या वेळी सर्वांसमोर हाक मार, एवढंच म्हणाले.

पुढच्या रविवारी मिस्त्री सकाळच्या एसटीनं आले. या खेपेला हत्यारांची पिशवी नव्हती. पडवीत मांडी घालून बसले आणि म्हणाले की, पुस्तक पहिल्या पानापासून वाच, घाई करू नको, जिथं समजणार नाही तिथं मी थांबवीन. पहिल्याच पानावर त्यांनी मला चार वेळा थांबवलं.